नाशिक ते वणी, तेलाचा काटा सांभाळत

"भावोजी, मला गडावर न्याल का?" वहिनींनी वाढता वाढता विचारलं आणि माझा घास हातातच राहिला. चैत्रात दादा गेल्यापासून दहा महिने त्या पुढच्या दाराच्या पायऱ्या उतरल्या नव्हत्या. एक वेळ जेवायच्या, कुणाशी बोलायच्या नाहीत, आणि संध्याकाळी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये जाऊन दादांच्या मोटारीपाशी बसून राहायच्या. आता त्या आपणहून बाहेर पडतो म्हणत होत्या. मी लगेच हो म्हटलं.

पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "त्या चढणीवर काटा पडला नाही, तर पुढे जाऊ. पडला तर मात्र तिथूनच परत फिरायचं. मग मी पुन्हा कधी म्हणणार नाही आणि तुम्हीही मला बाहेर चला म्हणायचं नाही. कबूल?"

कबूल म्हणण्याशिवाय इलाज नव्हता. छत्तीस सालच्या माघातली ही गोष्ट. मोटारीने सप्तशृंगीला जाऊ इच्छिणाऱ्यांना रस्त्याची माहिती व्हावी म्हणून लिहायला बसलो आहे, पण रस्त्याबरोबर बाकीचंही येणारच. ते टाळून मला हा प्रवास सांगता येत नाही.

माझे थोरले बंधू वकील होते. आदल्या वर्षी विषमज्वरातून उठले, तेव्हा वहिनींनी देवीला पितळी घंटा बोलली होती. ती वाहायला दोघं चैत्रात निघाली. दादा स्वतः मोटार चालवत होते, वहिनी मागे घंटा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दिंडोरी सोडून वणीच्या अलीकडे एक लांब चढण आहे. तिच्या पायथ्याशी दादा म्हणाले, "तेलाचा काटा पडलाय. जरा थांबतो." वहिनी म्हणाल्या, "आरती चुकेल हो. पुढे वणीत थांबा." दादांनी मोटार तशीच पुढे काढली. चढण संपली तिथे मोरीपाशी त्यांनी मोटार नीट कडेला घेतली, इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला आणि चाकावर डोकं टेकलं. ते पुन्हा वर केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोटार घरी मीच आणली. पुढे उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर मी दोनदा त्याच रस्त्याने कामासाठी गेलो, तेव्हा दोन्ही वेळा चढणीच्या पायथ्याशी तेलाच्या दाबाचा काटा चाळिसावरून घसरत पाचावर आला. थांबलो, दहा मिनिटांनी हँडल मारलं, तर काटा परत चाळिसावर. मी हायस्कुलात शास्त्र शिकवतो, त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी दुसऱ्या वेळी मी ती दहा मिनिटं वाट पाहताना मोरीकडे पाठ करून उभा राहिलो नाही. घरी येऊन ही गोष्ट वहिनींना सांगण्याचा मूर्खपणा मात्र केला. "मी त्यांना थांबू दिलं नाही, म्हणून ते तिथे थांबवतात," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

आम्ही पहाटे निघालो नाही, चांगलं ऊन पडल्यावर निघालो. माघात पंचवटी ओलांडली की थंडी अंगाला झोंबते आणि सकाळी इंजिन तापायलाही वेळ लागतो. दिंडोरीपर्यंत रस्ता खडीचा आणि बरा आहे. पुढे मुरूम. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या खोल असतात, एक चाक मध्यावर आणि एक कडेला ठेवून चालवावं. वहिनी मागे बसल्या होत्या. तीच जागा, मांडीवर तीच घंटा. लोलक वाजू नये म्हणून त्यांनी त्याला फडकं गुंडाळलं होतं. खड्डा आला की मागून घंटेचा आवाज यायचा नाही, नुसता बद्द असा ठोका यायचा. गंगापूर रोडवर आमच्या शेजारी कुणी मेलं की दाराशी असाच ठोका ऐकू येत असे, बांबू बांधतानाचा. मी दोनदा म्हटलं, "वहिनी, ती घंटा खाली ठेवा की." त्यांनी ठेवली नाही.

तासाभरात दुसरी एक गोष्ट सुरू झाली. इंजिन तापलं तसा मोटारीत वास भरू लागला. पेट्रोलचा नाही, रबराचाही नाही. फुंकर घालून दिवा विझवल्यावर येतो तो वास. हा मला पूर्वीही आला होता आणि मी तो बाहेरून आला असेल म्हणून सोडून दिला होता. बाहेर तर दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं होती आणि कोसभर एक झोपडी नव्हती.

"येतोय ना वास?" वहिनींनी मागून विचारलं.

"कसला?" मी म्हणालो. शास्त्र शिकवणाऱ्या माणसाने इतकं सरळ खोटं बोलू नये, पण बोललो.

दिंडोरीला वडाखाली चहाचं दुकान आहे. चहा बरा, भजी शिळी, विहिरीचं पाणी मात्र गोड. रेडिएटर इथेच भरून घ्यावा, पुढे वणीपर्यंत भरवशाचं पाणी नाही. मी आत चहा घेत होतो, वहिनी मोटारीतच होत्या. बाहेर दोन शेतकरी बिड्या ओढत बसले होते.

"ही तीच मोटार रं."

"कोनती?"

"वकीलसायबाची. चैतात मोरीपाशी गेले न्हाय का? दिवाळीनंतर ती चढनीखाली थांबली तवा आमच्या भावकीतला एकजन तिच्या मागं बैलगाडी घेऊन व्हता. म्हनतो, आतमंदी दिवा इझल्यावानी वास येतो."

"मंग बाईमानूस का बसलंय तिच्यात?"

"काय ठावं बाबा. लय वंगाळ काम."

मी कप तसाच ठेवून बाहेर आलो. माझ्याकडे पाहून दोघंही बिड्या विझवून उठले आणि मोटारीला लांबून वळसा घालून गेले. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. मी एकटाच नाकाने फसलो नव्हतो तर.

दिंडोरी सोडल्यावर मी रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होतो. चाळीस. ओढा उतरलो, चाळीस. करंजाची झाडं आली, अडतीस. चढण समोर दिसायला लागली आणि मी मनात काहीतरी पुटपुटत होतो, त्याला प्रार्थनाच म्हणावं लागेल. पायथ्याच्या दगडापाशी काटा थरथरला आणि खाली यायला लागला. तीस, वीस, दहा. मागे घंटेचा ठोका पडला.

"पडला ना?" वहिनी म्हणाल्या. त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. तरी त्यांनी विचारलं.

मी इंजिन बंद केलं. वारा नव्हता. वर मोरीच्या कठड्यावर एक होला बसून घुमत होता, तेवढाच आवाज. वहिनी खाली उतरल्या, रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी चढणीच्या टोकाकडे हात जोडले आणि मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "चला, मोटार फिरवा. त्यांचा राग गेला नाही."

मी विचार केला. बाई परत जाणार, घंटा शेडमध्ये ठेवणार आणि उरलेलं आयुष्य त्या मोटारीपाशी बसून काढणार. वय पस्तिशीचंही नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण शब्द दिला होता.

"फिरवतो," मी म्हणालो, "पण वहिनी, तेलाचा दाब नसताना इंजिन चालवलं तर आतले भाग कोरडे घासतात आणि इंजिन धरतं. नाशिक वीस-बावीस मैल मागे आहे, वणी चार मैलांवर. परत जायचं तरी आधी वणीला दुरुस्ती करावी लागेल. नाहीतर दादांची मोटार इथेच कायमची बसेल. ते चालेल का?"

त्यांनी मोटारीकडे पाहिलं. "त्यांच्या मोटारीला काही व्हायला नको," म्हणाल्या, आणि पुन्हा मागे जाऊन बसल्या. दहा मिनिटांनी हँडल मारलं. काटा मुकाट्याने चाळिसावर आला. मोरी ओलांडताना मी तिकडे बघितलं नाही.

वणीला मोटारीचं गॅरेज नाही. पेठेत पिठाची गिरणी आहे, तिच्या ऑइल इंजिनाची देखभाल करणारे हुसेन मिस्त्री अडल्यानडल्या मोटारीही पाहतात. साठीचे, बारीक अंगाचे, कानामागे पेन्सिल. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं. मी तेल भरपूर आहे हे चार वेळा सांगितलं. दहा महिन्यांत मी फक्त दांडी काढून तेलाची पातळी बघत आलो होतो आणि ती पुरेशी दिसली की माझं शास्त्र तिथेच संपत होतं.

मिस्त्रींनी आधी काट्याकडे येणारी तांब्याची बारीक नळी ढिली करून इंजिन चालू करायला लावलं. गार इंजिन असताना नळीतून तेल चांगलं आलं. मग त्यांनी इंजिन तसंच अर्धा तास चालू ठेवलं. वास आला. तेल नुसतं ठिबकू लागलं.

"काटा खरा हाय साहेब. तेल खाली हाय, पन वर येत नाय. मोटार बंद केली तर काटा परत येतो का?"

"दहा मिनिटांत."

"आन हर बखत एकाच जागी पडतो?"

"एकाच. चढणीच्या पायथ्याला." मी आवाज खाली आणला. वहिनी गिरणीच्या ओट्यावर बसल्या होत्या. "माझे भाऊ तिथेच गेले."

मिस्त्रींनी 'या अल्ला' असं हळूच म्हटलं. मग विचारलं, "चहाला कुठं थांबता?"

"दिंडोरीला."

"हर बखत?"

"हर बखत."

"मंग काटाबी तिथंच पडनार. दिंडोरीला मोटार गार व्हती, तिथनं चढनीपातूर तेल तापून पातळ व्हतं. पंपाच्या तोंडाला जाळी असती. पंप चालतो तवर कचरा जाळीला चिकटत जातो, बंद केला का गळून पडतो. चेंबर उतरवाया लागंल."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं. तेल परातीत सोडलं तेव्हाच मिस्त्रींनी बोटावर घेऊन हुंगलं आणि भुवया वर केल्या. "यात एरंडेल कुनी घातलं? मोटारीच्या तेलात ते मिसळत नाय, चिकटा धरतं." मी शपथ घेऊन सांगितलं की मी नाही. सगळे बोल्ट काढून भांडं खाली आलं, मिस्त्री आडवे होऊन आत गेले आणि मुठीत काहीतरी घेऊन बाहेर आले. पंपाची जाळी होती ती. तिच्यावर काळ्या कापसाचा थर बसला होता, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा जाड. त्यांनी तो पेन्सिलीने उचकटला तसे त्यातून धागे सुटे झाले. काजळी धरलेले, एका टोकाला जळलेले, दुसऱ्या टोकाला बारीक गाठ.

आमच्या घरात वातीच्या टोकाला गाठ फक्त एकच माणूस मारतं.

मी मान वर केली तर वहिनी माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे करून मिस्त्रींच्या पेन्सिलीवरची वात उचलली आणि तळहातावर ठेवून बघत राहिल्या.

"घरात गुरुजींनी सांगितला तसा दिवा लावला होता," त्या म्हणाल्या, "पण ते घरात कुठे गेले होते? मोटारीत गेले. म्हणून तेरा दिवस मोटारीच्या पायरीवरही एक लावला. एरंडेलाचा. उरलेलं तेल टाकायचं कुठे ते कुणी सांगितलं नाही. त्यांच्या नावाचं तेल न्हाणीच्या मोरीत कसं ओतायचं? ते तेल घालायचे ती जागा मला माहीत होती. तिथे वातीसकट घातलं." मग थोड्या वेळाने, "पुढे दर अवसेलाही लावत होते."

मिस्त्रींनी खाली बघितलं. मोटारीला धरणारं जे काही होतं, ते आमच्याच घरातून थोडं थोडं ओतलं गेलं होतं, तेही मायेने.

दुपारभर मिस्त्री आणि मी जाळी, पंप, भांडं घासलेटने धूत बसलो. भांड्याच्या कडेची बुचाची जुनी पट्टी फाटली होती, तिच्या जागी जाड पुठ्ठा कापून तेलात भिजवून बसवला. बरोबर नेलेलं नवं तेल भरलं, अर्धा तास चालवून तेही सोडून दिलं आणि पेठेतून आणलेलं पुन्हा भरलं. असं दोनदा धुतल्याशिवाय चिकटा जात नाही, हे लक्षात ठेवावं. जेवण गिरणीशेजारच्या खानावळीत मिळालं. बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा, दोघांचं चार आण्यांत. वहिनींनी संध्याकाळचं जेवण घेतलं. दहा महिन्यांत त्यांना दिवसातून दोनदा जेवताना पहिल्यांदाच पाहिलं, पण मी तसं दाखवलं नाही. त्या मुक्कामाला धर्मशाळेत थांबू म्हणाल्या. परत फिरण्याचं बोलल्या नाहीत आणि मीही आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी नांदुरीला मोटार ठेवून आम्ही गड चढलो. डोली मिळते, वहिनींनी नको म्हटलं. घंटा त्यांनीच उचलून नेली. देवळात टांगल्यावर फडकं सोडून एकदाच वाजवली. इतका मोठा आवाज तिच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

परतताना त्या पुढे माझ्या शेजारी बसल्या. तिसरा प्रहर झाला होता. मोरी आली, मी न विचारताच थांबलो. काटा चाळिसावर होता. इंजिन बंद केल्यावर शून्यावर आला आणि आम्ही दोघं त्या शून्याकडे पाहत बसलो.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "ती घाण मी घातली ती ते गेल्यावर."

"हो."

"मग त्या दिवशी काटा कशाने पडला?"

मी स्वतःला शहाणा समजतो. हा प्रश्न मला दहा महिन्यांत पडला नव्हता, काल जाळी हातात घेऊनही पडला नव्हता. दादा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मोटार मीच नाशिकला नेली होती. डोळे भरलेले होते, तरी काट्याकडे लक्ष होतं. खोटं बोलावंसं वाटलं. काल सकाळी वास येत असताना बोललो होतो तसं.

"पडला नव्हता," मी म्हणालो. "मी घरी नेली तेव्हा सगळा रस्ता चाळिसावर होता."

होला आजही घुमत होता. वहिनींनी समोरच्या चढणीकडे पाहिलं, तिच्या पायथ्याशी, जिथे दादांनी थांबतो म्हटलं होतं.

"म्हणजे छातीत दुखत होतं," त्या म्हणाल्या. "आणि मला मोटारीचं सांगितलं."

"तुम्ही घाबराल म्हणून असेल."

"दुखतंय म्हणाले असते तर मी आरतीकडे बघितलं असतं का?" त्यांचा आवाज चढला. मोटारीतून उतरून त्या मोरीच्या कठड्यापाशी गेल्या आणि तिथे कुणी उभं असावं तशा बोलल्या, "एवढंसं सांगता आलं नाही तुम्हाला? वकिली करत होता ना?" मग रडू फुटलं. चैत्रात त्या रडल्या नव्हत्या. मी खाली उतरलो नाही. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

परत येऊन बसल्यावर पदराने तोंड पुसलं. "दहा महिने मी त्यांचा राग सोसला. आता माझा त्यांनी सोसावा. चला."

या प्रवासाला आता वर्ष होऊन गेलं. वहिनी दोन वेळा जेवतात, माझ्या बायकोशी भांडतात, शेडमध्ये दिवा लावत नाहीत. मोटार उत्तम आहे. फक्त त्या चढणीवर अजूनही कधीकधी तो विझल्या दिव्याचा वास येतो. मिस्त्री म्हणतात, एरंडेल धातूत मुरतं, सहजी जात नाही. असेलही. वहिनींना येतो का ते मी विचारलेलं नाही. त्या बरोबर असल्या की तिथे मला विचारतात, "काटा कुठे आहे?" आणि बघतात मात्र माझ्या तोंडाकडे.

गेल्या महिन्यात वहिनी आणि मी पुन्हा वणीला निघालो होतो. दिंडोरीपासूनच डोकं जड होतं. करंजाची झाडं गेली आणि चढणीच्या पायथ्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली.

"काटा कुठे आहे, भावोजी?"

चाळिसावर होता. मोटार अजून दहा मैल गेली असती. मी ती कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि म्हणालो, "वहिनी, मोटार ठीक आहे. मला बरं वाटत नाही."

वहिनींनी पाण्याचा तांब्या काढला आणि माझा हात धरून मला सावलीत नेऊन बसवलं.